गटात नाव

रात्रभराची दंडार माझ्याकडे आहे,
एकशे अठरा जीबी, सात तास,
आणि दुकानाच्या बाकावर
शालिक भर्रे बसून आहेत,
कानामागे अजून रात्रीचा रंग.

बाराची आरमोरी गाडी त्यांना गाठायची आहे
पेन ड्राइव्ह घेऊन.
तिकडची मंडळी आधी बघणार, मग बयाना देणार.

प्रोसेसर म्हणतो : अकरा तास.
भातगिरणीचा पट्टा निसटावा तसा ओरडतो
आणि लाइन दोनला जाते.

म्हणून हे ग्राफिक्स कार्ड.
सीताबर्डीच्या एका गाळ्यातून, साडेचार हजारांत,
कोणासाठी तरी न दिसणारी नाणी
खणून खणून थकलेलं.
पंख्याचं एक पातं अर्धं. बिल नाही, वापसी नाही.
टॉवेलात गुंडाळून एसटीत मांडीवर आणलं.

लिनक्स मी निवडलं नाही.
चोरीची विंडोज तिसऱ्यांदा मेली तेव्हा
भाच्यानं टाकून दिलं,
दोनशे पानी वहीत आज्ञा लिहिल्या
आणि पुण्याला गेला.
त्याचं अक्षर डॉक्टरसारखं, डॉक्टर नसूनही.

कार्ड बसलं. मशीनच्या यादीत दिसतं,
बोलत मात्र नाही.
त्याचं फर्मवेअर हवं.
ते उतरवायला बोडीच्या पाळीवर गेलो,
रेंज तिथंच येते, मोहाच्या अलीकडे,
बाया धुणं आपटताना बघत होत्या
हा माणूस आभाळाला काय दाखवून राहिला.
फोनमधून फाइल आणली, घातली,
मशीन बंद करून चालू केली.

काळं.

नुसतं काळं, कोपऱ्यात एक रेघही नाही.
बाकावरून आवाज : 'पडदा पडला का गा?'

साध्या चित्राच्या वाटेनं आत शिरलो.
फाइल एका फोल्डरात हवी होती,
मी शेजारच्यात ठेवली होती.
हलवली. पुन्हा चालू.
चित्र आलं. ड्रायव्हर आला.
एन्कोडरला हाक मारली
आणि पांढऱ्या अक्षरांत उत्तर :
परवानगी नाकारली.

पुन्हा पाळीवर. भाचा झोपेतून म्हणाला,
'मामा, तू रेंडर गटात नाहीस.'
मशीन माझी. कार्ड माझं.
विजेचं बिल बायकोच्या नावानं, भरतो मी.
गटात नाही.

परत येऊन सांगितलं तर
भर्रेंना ते माझ्याआधी कळलं.
'चौदा वर्षं परच्यावर माहं नाव नव्हतं,
पाट होता. बाईचा.
लोक विचारत, ही बाई कोन्या गावची?'
आणि मग, 'घाला न नाव. काजक लागते त्याले?'

एक ओळ लागते.
वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर सापडली, पेन्सिलीनं.
घातलं.
तरी परवानगी नाकारली.
नाव घातलं तरी आतल्याला ते माहीत नसतं,
एकदा बाहेर जाऊन यावं लागतं.
गेलो. पासवर्ड दिला. आलो.

दहा चाळीस.
अर्ध्या पात्याचा पंखा टक् टक् फिरू लागला.
आकडे धावले, पटीत, आठपट,
प्रोसेसर गप्प, इतका
की बाहेर कोणाची तरी सायकल स्टँडवर लागलेली ऐकू आली.

एन्कोड होताना चित्र दिसत नाही,
मी त्यांना सांगितलं होतं.
नुसती वेळ सरकते,
कालची रात्र, तास मिनिट सेकंद.
तरी खुर्ची ओढून ते स्क्रीनसमोर बसले.
दोन चाळीस. दोन अठ्ठावन्न.
तीन तास दहा मिनिटांवर म्हणाले,
'आता मी येतो.'

त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा डोईवर घेतला,
कडा दोन बोटांत धरली.
आकडा तीन एकवीसवर होता.