वजा माती

नऊ वर्षं झाली.
आता कुणी विचारत नाही, किती उतरलं म्हणून.

साखर कारखान्याच्या फाटकाशी, भुईकाट्याच्या खोपटात मी बसते.
ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत
नोतेच नदीकाठचं सगळं बीट माझ्या खिडकीखालून जातं.
भरला ट्रक काट्यावर चढतो, आकडा थरथरतो, थांबतो.
रिकामा होऊन परततो, पुन्हा आकडा.
मधला फरक तेवढा खरा.
त्यातूनही माती वजा.
मातीवरून दरवर्षी भांडणं.
"एवढी माती, लुत्सिनाबाई? शेतच उचलून आणलं का मी?"
मी शिक्का मारते.

बिद्गोश्चच्या इस्पितळात माझं पोट कापलं,
चारातले तीन भाग.
"केळ्याएवढं ठेवलंय," डॉक्टर म्हणाले.
उरलेल्याचं काय केलंत, विचारायचं राहूनच गेलं.

कौतुक झालं की अंगावर मूठभर मांस चढतं म्हणतात.
माझं उलटं झालं.
चर्चच्या पायऱ्यांवर, बेकरीच्या रांगेत
जो तो कौतुक करत होता
आणि मांस उतरत होतं, एकसष्ट किलो,
एक अख्खी बाई माझ्यातून उठून निघून गेली,
जाताना कातडी तेवढी विसरली.
रात्री मी कुशीवर वळते,
ती मागाहून वळते.

मग लोकांना सवय झाली माझ्या गालफडांची.
कौतुक आटलं.
आणि तिसऱ्या हिवाळ्यात, रात्रपाळीला, साडेतीनच्या सुमारास
भूक परत आली.
दार वाजवलं नाही तिनं.
जुनी भाडेकरू, किल्ली तिच्याकडे होतीच.
सुंभ जळला होता,
पीळ तसाच.

नणंद ग्राझिना म्हणते, "तुझं बरं, तू कापून मोकळी झालीस."
मोकळी!
आधी अंडं, मग भाजी, मग जागा उरली तर पाव.
जेवताना पाणी नाही, जेवल्यावर अर्धा तास नाही.
महिन्याला बी-बाराची सुई.
लग्नात वोडका फिरते तेव्हा माझा पेला मी स्वतः धरते,
कारण भूक वेश बदलून येते हे मला
पाचव्या वर्षी कळलं,
आणि ते वर्ष मी इथे लिहिणार नाही.

लठ्ठ गुरुवारी गावभर डोनट तळतात,
आत गुलाबाच्या पाकळ्यांचा मुरंबा.
ग्राझिनानं बाराचा डबा आणला, खोपटात ठेवून गेली.
मी एक अर्धा केला. अर्धा सावकाश खाल्ला.
उरलेला अर्धा शिक्क्यांच्या खणात.
रात्रभर खण माझ्याकडे बघत होता.
पहाटे तोही खाल्ला, उभ्यानं,
शाईचा वास लागलेला.
साडेदहा डोनटांबद्दल विचारू नका,
मळीच्या टँकरवाल्या मिरोस्वावला दिले,
बहुतेक.

खरी गोष्ट ही, की दोन महिने मी घरच्या काट्यावर पाय ठेवला नव्हता.
जगाचं वजन करणारी बाई.

त्याच पहाटे धुकं होतं, रस्त्यावर एक दिवा नाही.
मी कोट-बुटांसकट बाहेर आले
आणि भुईकाट्याच्या मधोमध जाऊन उभी राहिले.
साठ टनांचा काटा,
वीस किलोंच्या आतलं त्याला काही कळत नाही.
खिडकीतून आकडा दिसत होता:
ऐंशी. मग शंभर. मग ऐंशी.
त्याला ठरवता येईना.
माझी सगळी झोंबाझोंबी, सात किलोंची,
त्या पत्र्याखाली कुठे तरी हरवून गेली,
आणि मी हसले, एकटी, वाफ सोडत,
थंडीनं पाय गोठेपर्यंत.

घरी आले. बूट दाराबाहेर काढले,
तळव्यांना कुणाच्या तरी शेताची माती.
अनवाणी चढले.
अठ्ठ्याऐंशी पूर्णांक चार.

कॅलेंडरवर लिहिलं, पेननं.
मग अंडं उकडायला ठेवलं.