अठ्ठावीस

मंगळवारी माझी शाळा कोपरखैरणेची,
बुधवारी तुर्भ्याची, शुक्रवारी दिवाळे गावातली.
तीन शाळांत मिळून एक समुपदेशक,
अकरा महिन्यांच्या करारावर.
खोली पूर्वीची खेळाच्या सामानाची.
दारावर अजून 'क्रीडा' आहे,
खाली माझं नाव खडूनं, दर आठवड्याला नव्यानं.

मुख्याध्यापकांच्या तक्त्यात दोन रकाने :
आधीचे गुण, नंतरचे गुण.
मधे एक रेघ.
मी त्या रेघेवर बसते.

कार्तिकी ढेबे, नववी क.
आठवीच्या वार्षिकला गणितात अठ्ठावीस.
सहामाहीला अठ्ठावीस.
सराव परीक्षेलाही.
"सातत्य आहे हो पोरीत," गणिताचे सर म्हणाले
आणि स्वतःच हसले.

तीन मंगळवार ती बोलली नाही.
कोपऱ्यातल्या हवा गेलेल्या व्हॉलीबॉलकडे बघत बसली.
शांततेला जागा द्यावी, असं आम्हाला शिकवलेलं.
बाहेर पीटीची शिट्टी वाजत असली तर काय द्यावं,
ते शिकवलेलं नाही.
चौथ्या मंगळवारी तिनं विचारलं,
"पंप आहे का?"

मग चेंडू फुगवता फुगवता, माझ्याकडे न बघता :
"दादाला दहावीत अठ्ठावीस पडले होते.
आता तो पप्पांबरोबर मार्केटात,
कांदा-बटाट्याच्या गाळ्यावर.
रात्री आई त्याची पाठ शेकते.
मी त्याच्या पुढं कशी जाणार?
बेरीज करत लिहिते मी.
अठ्ठावीस झाले की पेन खाली."

मी तिची उत्तरपत्रिका मागवून घेतली.
एक खाडाखोड नाही.
समासात पेन्सिलीनं बारीक आकडे,
तीन, सात, बारा, सोळा,
आणि पुढची पानं कोरी.
फक्त कडांवर बोटांच्या घामाचे ठसे,
दीड तास नुसती धरून ठेवल्याचे.

दादा आला महिन्याभरानं.
कॉलरला कांद्याचं साल चिकटलेलं.
बसा म्हटलं तर म्हणाला, कपडे खराब आहेत.
मी कुणाला काही सांगितलं नव्हतं,
तीच बोलली असावी घरी.
उभ्यानंच म्हणाला,
"मॅडम, माझे अठ्ठावीस मी वाहतो.
तिनं का उचलायचे?"
आणि वळला, ट्रक लागायचा होता.

वार्षिक परीक्षेत कार्तिकीला एकतीस.
"एवढे मंगळवार, आणि तीन गुण?"
मुख्याध्यापक चष्मा पुसत म्हणाले.
मी तक्ता भरला. आधी अठ्ठावीस, नंतर एकतीस.
शेरा लिहायला रेघेवर जागा नव्हती,
असती तरी लिहिला नसता.

त्या चेंडूला कुठंतरी बारीक भोक आहे,
आठवड्याभरात बसतो.
पंप मी आता पिशवीतच ठेवते.
तुर्भ्यालाही नेते, दिवाळ्यालाही.