जी म्हणजे काळोख

मुहू बेटावरून फेरीने आल्या तीन नळ्या,
बर्फाच्या डब्यात एकमेकींना खेटून.
नावं नाहीत, नुसते आकडे. पण डबा भरणाऱ्या नर्सने
लहानग्याच्या नळीवर पेनाने ससा काढलेला.
नियमात बसत नाही. मी पुसला नाही.
टार्टूत तेव्हा दुपारी साडेतीनलाच दिवे लागत होते.

आधी पेशी फोडायच्या. त्याला लागतो साबण,
साधाच म्हणावा असा. मग प्रथिनं खाऊन टाकणारं विकर,
मग चुंबकाकडे धावणारे बारीक मणी.
मण्यांना धरून राहिलं तेवढंच आपलं,
बाकीचं वाहून जाऊ द्यायचं.
उरतो एक थेंब, पाण्यासारखा.
ह्यात एक अख्खं मूल आहे म्हटलं
की माझा ओट हसतो, म्हणतो, पोहतंय का?

तो थेंब मग आवाजाने तोडायचा,
कानाला ऐकू न येणाऱ्या,
साडेतीनशे-साडेतीनशे अक्षरांचे तुकडे होईस्तोवर.
पहिल्यांदा जीव खालीवर झाला होता माझा:
कुणी पोथी हाती द्यावी आणि म्हणावं, फाड.
तुकड्यांना दोन्ही टोकांना शेपट्या जोडायच्या,
शेपटीत खूण, कोण कुणाचा ते.
आई, बाप, मूल.
आणि मग तिघांना एकाच काचेवर सोडायचं.

काच तळहाताएवढी.
तिच्यात तुकडे रुजतात, एकाचे हजार होतात,
आणि यंत्र एकेक अक्षर जोडत, फोटो काढत बसतं
दोन दिवस, दोन रात्री.
रंग दोनच. हिरवा म्हणजे टी, लाल म्हणजे सी,
दोन्ही एकदम पेटले तर ए.
आणि काहीच पेटलं नाही
तर तेही वाचायचं: जी.
ज्याने हे ठरवलं
त्याचा हिवाळा आमच्यासारखा असावा.

दुसऱ्या रात्री फोन आला. यायला नको होता,
एल्वीला नंबर कुणी दिला कोण जाणे.
माझं आहे की त्याचं, एवढंच सांगा, म्हणाली.
ऑक्टोबरपासून आम्ही वेगवेगळ्या वेळी जेवतो.
मी म्हटलं, मी नुसतं यंत्र लावते, बाई.
खरं होतं. खोटंही होतं.

तुकडे आधीच्या एका प्रतीवर मांडतो तो विल्यार,
एकेक जागा तिसेकदा झाकली जाईपर्यंत.
फरक निघतात चाळीस-पन्नास लाख,
बहुतेक कुणाचं काही न बिघडवणारे.
त्याच्या चाळणीत रात्री अकरा उरले,
सकाळी एक.
एका जनुकात, जिथं काळोख हवा होता
तिथं दोन्ही दिवे लागलेले,
एकतीस वाचनांपैकी पंधरांत.
आईच्या नळीत तिथं काळोख. बापाच्याही.
नळ्यांची अदलाबदल नाही ना, ते पाहिलं.
नवं रक्त मागवलं, जुन्या संथ पद्धतीने वाचलं.
काळोख. काळोख. उजेड.

म्हणजे कुणाचंच नाही.
नक्कल उतरवताना एकदा हात घसरला,
आणि तो हातही कुणाचा नव्हता.

अहवालात हे येतं आठव्या ओळीत:
दोन्ही पालकांत आढळले नाही.
उपचाराचा रकाना कोराच.
सांगायचं ते डॉक्टर सांगतील, गुरुवारी.
मी फोनकडे बघितलं फक्त.

मग बर्फाचा डबा धुतला.
तळाशी ज्युनिपरची एक काडी चिकटलेली होती,
कशाला, कुणाची, कुठेच नोंद नाही.
ती खिडकीत ठेवली.
पुढचा डबा नार्वाहून आहे, पाचला येईल.