बाह्य कारण

बोर्ड उघडला की आधी वास येतो.
मग दिसते ती निळी टिकली, व्हेरिस्टर,
मधोमध फुटलेली,
भोवती काजळ फिसकटल्यासारखी राख.
माणूस खोटं बोलतो, बिल बोलतं,
ही बोलत नाही.

सेलूत, स्टेशनमागच्या गल्लीत,
सांजेला सात चाळीसला
डीपीवरचं न्यूट्रल तुटलं.
बल्ब आधी दुधासारखे पांढरे झाले,
मग फट्.
मग पलीकडे फट्.
अकरा घरं.
मोमीन सरांचा टीव्ही, शिंप्याच्या मशीनची मोटर,
नव्या नवरीचा माहेरून आलेला कूलर,
आणि अन्सूयाबाई वाव्हळेंचा फ्रीज,
भिशीचा, सात महिन्यांचा,
दारावरचं स्टिकर अजून न काढलेला.
भाचीच्या इन्सुलिनच्या बाटल्या त्याच रात्री
ओल्या फडक्यात, माठाच्या बुडाशी गेल्या.

दुकानदार म्हणाला, फ्रीज वॉरंटीत आहे,
व्होल्टेज वॉरंटीत नाही.
लाईटीच्या ऑफिसात म्हणाले,
तुमच्या घराला अर्थिंग नसेल.
कंपनीच्या फोनवर एक बाई
मराठीसाठी दोन दाबा म्हणत राहिली.

आणि चौथा मी.
कंपनीचा फॉर्म माझ्याच खिशात असतो.
नऊ वर्षं एकाच चौकोनात टिक करतोय:
बाह्य कारण.
टिकेमागं दीडशे रुपये व्हिजिट.
बाहेरून आलं म्हणजे कुणाचंच नाही,
घडी घाला, पुढचं घर.

अन्सूयाबाई अंगणवाडीत मदतनीस.
त्यांनी फॉर्म उलटा धरला, सुलटा धरला,
त्या एका शब्दावर बोट ठेवलं.
“बाहेर म्हंजे कुठून, भाऊ?
बाहेरला बी काही नाव असंल की.
तार त्यांची, खांब त्यांचा, मीटर त्यांचं,
फक्त बिल तेवढं मह्या नावानं.”

मी पेन बंद केलं.
चहा आला, तो पिऊन झाला,
तरी मला उत्तर सुचलं नाही.

मग माझ्याच दुकानाच्या लेटरपॅडवर
पहिल्यांदा पूर्ण वाक्यं लिहिली.
तारीख, वेळ, कोणता भाग फुटला,
दोनशे तीसच्या जागी किती आलं असावं,
आणि एकाच मिनिटाला अकरा घरांत
अर्थिंग कशी काय बिघडेल.
त्या घरोघर फिरल्या, सह्या घेतल्या.
वायरमन म्हणाला, “जोडलं मीच, पण मावशी,
मह्यं नाव नका घालू.”
नाव नाही घातलं. तक्रार नंबर घातला,
तो तर त्यांच्याच वहीत होता.

परभणीला ग्राहक आयोगात
वकील लागत नाही म्हणतात.
आम्हाला लागला नाही, समोरच्यांकडे दोन होते.
त्यातल्या एकानं मला विचारलं,
तुम्ही इंजिनिअर आहात का?
म्हटलं, आयटीआय. मानवतचं.
मग वीज कशी येते, सांगू शकाल?
म्हटलं, कशी येते ते राहू द्या साहेब,
त्या दिवशी कशी आली तेवढं सांगतो.
बाकावर मागं कुणीतरी हसलं.
पुढची तारीख मिळाली.
मग त्याच्या पुढची.
दर तारखेला माझ्या दुकानाचं शटर खाली,
एसटीचं तिकीट अन्सूयाबाई काढू देत नाहीत,
भाकरी मात्र दोघांची आणतात.

निकाल लागेल तेव्हा लागेल.
फॉर्म मी अजूनही भरतो, पोट आहे.
पण चौकोनाशेजारी जागा असते अर्धा बोटभर,
तिथं बारीक अक्षरात लिहितो
बाहेर म्हणजे कुठून.
कंपनीतून दोनदा विचारणा झाली.

फ्रीज तिथंच उभा आहे.
दार उघडलं की आत दिवा लागत नाही.
वरच्या कप्प्यात पावत्या, अर्ज, पोचपावत्या,
थंड नाही, पण उंदीर लागत नाहीत.
अंड्यांच्या खाचांत गल्लीतले जळके तुकडे,
एकेक कागदात गुंडाळून, वर घरमालकाचं नाव.
खाचा बारा आहेत.
काल पाथरी रोडवरचा एक जण
पिशवीत काहीतरी घेऊन
त्यांचं घर विचारत आला.