ळ येत नाही

म्सिस्का.
ओठ मिटून सुरू करायचं नाव,
आम्हांला कधी जमलं नाही. आम्ही म्हणायचो मसिसका सर.
मलावीहून बी.एड.ला धुळ्यात आलेले,
सराव पाठाला नगरपालिकेच्या शाळेत,
सातवी ब, इंग्रजी, शेवटचा तास.

राहायचे गल्ली नंबर सहात, दगूबाई शिंपिणीच्या माडीवर.
दार ठेंगणं. संध्याकाळी ती मशीन थांबवून ओरडायची,
"डोकं सांभाय, भाऊ!"
डोकं आपटायचंच.
एकदा तिच्या चुलीवर त्यांनी ज्वारीचं पीठ
उकळत्या पाण्यात घाटलं, पहिला गोळा तिला दिला.
ती म्हणाली, "हाऊ ते आमना घाटाच शे. ताक तेवढं नही."

फळ्यावर ते मी लिहिलं होतं.
बेचाळीस वर्षांनी सांगतो.
"काया सर". एवढंच, मोठ्या अक्षरांत.
आमच्या तोंडात ळ नाही;
डाळीची दाय होते, काळ्याचा काया.

सर आले. एकेक अक्षर वाचलं, ओठ हलवत.
मग खिशातून छोटा कोश काढला.
"काया. शरीर."
मान वर करून, "शरीर सर?"

वर्ग फुटला.
मी हसलो नाही. म्हणजे हसलो, पण उशिरा.

खरा अर्थ रमजान पिंजारीनं सांगितलाच.
ते खिडकीतून पांझरेकडे पाहत राहिले
(नदीत पाणी नव्हतं, गोधड्या वाळत होत्या)
आणि खाली लिहिलं, काळा.
ळ चुकला. एक वाटोळं मोठं, एक लहान,
दोन गाड्यांची चाकं एकाच आसाला.
"हा मला येत नाही. लिहिणाऱ्यालाही येत नाही.
आपण दोघं बसू."
कोण लिहिणारा, विचारलं नाही.
मी आपला बसत गेलो.

पुढचं पत्रांतून, तुटक.
सरोवराकाठच्या शाळेत अठरा वर्षं, वर्गात शंभर पोरं,
खडू संपला की कसाव्याचा वाळका तुकडा.
मास्तरांचा संप, मग निवडणूक, मग शिक्षणमंत्री.
आमच्याकडे पेपरात ओळ नाही.
शाळेच्या पत्त्यावर एक पाकीट आलं, सरकारी मोहोर,
आत: कार्यालयाचं दार दहा फूट उंच आहे.
मी तरी वाकून जातो, शिपाई गोंधळतात.
दगूबाई कशी आहे?

ती जाऊन दोन वर्षं झाली होती.
मी कळवलं नाही.

सव्वीस महिने मंत्री. बाकांचं कसलंसं कंत्राट,
त्यांनी सही केली नाही,
किंवा केली आणि झोप गेली;
पत्रातून दोन्ही निघतं.
मग पुन्हा तीच शाळा.
शेवटचं पत्र सगळं इंग्रजी, सहीखाली एकटाच ळ.
अजूनही एक चाक मोठं.

मी आता शिरपूरपलीकडे, जिल्हा परिषदेच्या शाळेत.
काल एका पोरीनं पाटीवर लिहिलं: शाया.
मी तिच्याशेजारी खाली बसलो, गुडघे वाजले.
म्हटलं, दोन्ही चाकं सारखी काढ.
मग म्हटलं, राहू दे.