कातडं चढतं तेव्हा

धरमपेठेतल्या क्लासात तबल्याची जोडी पोचती केली.
बाई म्हणाल्या, पैसे पुढच्या महिन्यात.
पंधरा वर्षांत पहिल्यांदा पाणी विचारलं,
तेही जिन्यात.
मिरजेची गाडी दुसऱ्या दिवशीची.

लॉजवरचा पोट्टा तेजराम म्हणाला,
"काका, रूमवर काऊन बसता?
रेशीमबागेत आफ्रिकेवाले आलेत,
आगीखालून निघतात बाप्पा!"
म्हणून गेलो.

जानेवारी. मफलरं, शेंगदाण्यांच्या पुड्या,
प्लास्टिकच्या खुर्च्यांवर दव.
रुमालानं पुसली तरी विजार भिजलीच.
माइकवाला त्यांना "जंगलचे वाघ" म्हणत होता
आणि नाव एकाचंही सांगत नव्हता.
मागून कुणीतरी माकडाचा आवाज काढला.
तेजराम हसला,
मग माझ्याकडे बघून शेंगा सोलायला लागला.

मांडीवर पाय, खांद्यावर पाय,
मनोरा बघता बघता दिव्यांच्या वर गेला.
टोकाचा पोरगा बारा-तेराचा,
घोट्याला पांढरी पट्टी,
आणि पट्टीवर कुणीतरी पेनानं काढलेला मासा.
त्यानं एक हात सोडला.
दुसराही सोडला.
सगळं मैदान वर बघत होतं.
मी ऐकत होतो.

मोठा ढोल उतरला होता.
पहिल्याच थापेला कळलं,
थाप कातड्यात रुततेय, परत येत नाही.
दवानं असंच होतं.
आमच्याकडे गट्टे ठोकतात, वादी ओढतात,
याला नुसती दोरी, आणि खेळ तर चालू.
वाजवणाऱ्यालाही ते ऐकू येत होतं.
बाकीचे सगळे दात दाखवून हसत होते, हा नाही.
मधली थाप सोडून तो काठाकडे सरकला,
जिथं अजून थोडा सूर शिल्लक होता.
कर्ज फेडताना माणूस डब्याच्या तळाशी जातो तसा.

मग दांडा आणला, पेटवला. रॉकेलचा वास.
एकजण पाठ मोडून खालून निघाला,
छाती आभाळाकडे, डोकं मातीला टेकेल इतकं.
लोकांनी श्वास धरला,
आणि तेवढ्यात याने ढोल हळूच कलता केला,
तोंड ज्वाळेकडे.
लहान ढोलवाल्यानं ताल एकट्यानं सांभाळला.

मी मोजत होतो.
जास्त धरलं तर तडकतं,
कमी धरलं तर दोन आवर्तनांत पुन्हा उतरतं.
वडील म्हणायचे, आकड्यावर जाऊ नको,
गाल लाव, गाल सांगतो.
आता, मी मनात म्हटलं.
त्यानं खरंच गाल लावला.
थोडं थांब.
तो थांबला.
आता.

थाप खुर्चीच्या पायांतून माझ्या मणक्यात आली.
"आता मजा आली न बाप्पा!" तेजराम ओरडला.
आताच का, ते त्याला ठाऊक नव्हतं.

खेळ संपल्यावर कनातीमागे गेलो.
पुढे फोटोंची झुंबड,
हा मागे खोक्यावर बसून
कागदातला चिवडा निवडत होता, मिरच्या बाजूला.
मी वाकलो तसा त्यानं ढोल जवळ ओढला.
बरोबर आहे, मीही ओढला असता.
मग मी हात पुढे केले:
वादीनं चिरलेला अंगठा,
शाईनं काळी झालेली नखं, धुऊन न निघणारी.
त्यानं ती नीट पाहिली,
छातीला हात लावून म्हणाला, "कटाना."
मला वाटलं विचारतोय. म्हटलं, "हो, कातडंच."
तो हसला. त्या संध्याकाळचं पहिलं.

ढोल माझ्या गुडघ्यांत आला.
काठावर केस तसेच ठेवलेले,
आम्ही ते असे ठेवत नाही.
मला विचारायचं होतं, कशाचं?
शब्द नव्हता, म्हणून म्हटलं, "हम्मा?"
त्यानं मान हलवली.
"बें," तो म्हणाला.
"बें?"
"बें."

परतताना दव रस्त्यावर उतरलं होतं,
दिव्यांखाली डांबर ओलं.
तेजराम म्हणाला, "काय बोलत होते तुम्ही दोघं?"
मी म्हटलं, धंद्याचं.