दोन विटा

आमच्या शहरात पाऊस पडत नाही.
छपरांना उतार नाही, पन्हळी नाहीत.
छत्री मी उभ्या जन्मात एकदाच पाहिली,
कायाओच्या धक्क्यावर, एका परदेशी खलाशाच्या काखेत.
तरी मे संपता संपता समुद्रावरून गारुआ येते,
धुक्याहून जड, थेंबाहून हलकी,
आणि घराघरांत शिरून बसते.
चार महिने उठायचं नाव घेत नाही.
मीठ पाझरतं. काडी पेटत नाही.
सुकलेला सदरा अंगात घालताना पुन्हा ओला लागतो.

मी रंगारी. एलेउतेरियो.
सेन्योर फोर्तुनातोच्या सहा खोल्या दर मेमध्ये माझ्याकडे.
हुकूम एकच: काळं दिसता कामा नये.
झाकली मूठ, आणि वर सव्वा लाखाचं भाडं.

चार नंबरच्या खोलीत नेलिदा, तिचं शिवणयंत्र,
आणि नुकती पाऊल टाकायला लागलेली यामिले.
पहिल्या वर्षी मोतिया मारला.
दुसऱ्या वर्षी अबोली. डाग पसरला होता, म्हणून दोन हात.
तिसऱ्या वर्षी काही विचारलंच नाही,
सरळ आकाशीचा डबा उघडला.

ब्रश भिजवायला मी कोलाची बाटली कापत होतो
तर यामिले म्हणाली, माझ्याकडेपण आहे.
आणून दाखवली.
बुडाला भोक, भोकात निळा पंप.
बाटलीच्या तोंडाला तोंड लावून तिनं दहा आकडे मोजले,
मधे सहा गाळून.
नर्सबाईंनी शिकवलं, म्हणाली.
तिच्या छातीत कुणीतरी
न संपणारी पुरचुंडी उलगडत असल्यासारखा आवाज.
मी आकाशी पुरा केला. मजुरी घेतली.

चौथ्या वर्षी खाट ओढली.
आधीही ओढली असेल, पण तेव्हा मी भिंत बघत होतो,
खाट नाही.
उशीच्या उंचीवर, उशीएवढीच रुंद,
काळी-हिरवी मखमल.
बाजूची भिंत जवळजवळ स्वच्छ.
म्हणजे रात्रभर ती जी वाफ सोडायची
ती गार विटेवर बसायची.
तिचाच श्वास पिऊन बुरशी वाढायची
आणि तिलाच परत करायची, कुबट करून.
आणि मी?
मी दर वर्षी ताट वाढत आलो होतो,
मोतिया, अबोली, आकाशी.

पोरीला शेजारी धाडलं. नाकाला ओला रुमाल बांधला.
खरवडलं.
आकाशी गेला, अबोली गेला, मोतिया गेला,
त्याखाली कुणा दुसऱ्या रंगाऱ्याचा पिस्ता,
त्याखाली पुन्हा काळं.
मग वीट.
मग छताजवळच्या दोन विटा छिन्नीनं मोकळ्या केल्या.
हवा जायला वाट हवी,
एवढं माझ्या बापानंही सांगितलं असतं.
तो गवंडी होता.

नेलिदा आली, बघतच राहिली.
मला वाटलं होतं, काहीतरी बरं बोलेल.
म्हणाली, हे काय केलंस?
रंग तरी होता.
खाली फरशीवर लाल भुकटी,
अर्ध्या शिवलेल्या शाळेच्या गणवेशांवर लाल भुकटी,
आणि भोकातून गारुआ आत डोकावत होती, निवांत.
तिचंही खरं होतं.
मी गणवेश झटकू लागलो, तर म्हणाली, राहू दे.
खाट मात्र आम्ही दोघांनी मिळून
समोरच्या भिंतीला हलवली,
हातभर जागा सोडून.

सेन्योर फोर्तुनातोनं अर्धे पैसे दिले.
पुढच्या मेमध्ये येऊ नकोस म्हणाला.
बरं म्हटलं.

सप्टेंबरात त्या गल्लीतून जात होतो,
दुसऱ्याच कुणाचा जिना रंगवायला.
वर पाहिलं.
विटा परत बसवल्या नव्हत्या.
त्या खाचेत, उजेडाला,
भोकाची बाटली उलटी ठेवलेली.
धुऊन वाळत घातली होती,
की आता लागत नाही म्हणून ठेवून दिली होती,
खालून कळलं नाही.
शिडी खांद्यावरच होती.
थोडा वेळ तसाच उभा राहिलो.
शिवणयंत्र चालू होतं,
त्याच्या आवाजात दुसरं काही ऐकू येत नव्हतं.